दत्ताराम पेडणेकरांची टोयोटा

डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत दत्ताराम पेडणेकरकडे टोयोटा आहे असं ऐकलं की नवा माणूस खाली जाऊन गाडी शोधतो. गाडी खाली नसते. ती मुंबईत नाही, भारतात नाही, आणि जपानमध्येही अजून कुणाच्या दारात उभी नाही. कंपनीनं ती नुसती पडदा सारून दाखवली, विक्री पुढे. पण दत्तारामनं त्याच आठवड्यात तिचा मनातल्या मनात ताबा घेतला. "आमच्या गाडीचं बॉनेट जरा लांब आहे, पण शोभतं," असं तो गॅलरीत दात घासता घासता सांगायचा, आणि समोरच्या बिऱ्हाडातला माणूस, ज्याच्याकडे सायकलही नाही, तो गंभीरपणे मान डोलवायचा. आमच्या चाळीत मोठ्या गोष्टींवर मत द्यायला त्या गोष्टी जवळ असाव्या लागत नाहीत.

दत्ताराम गाड्या लावायचं काम करायचा. लोअर परळला गिरणीच्या जागेवर जे मोठं हॉटेल झालंय, त्याच्या दारात पाहुणा उतरला की चावी दत्तारामच्या हातात पडायची आणि गाडी तळघरात जायची. वडील त्याच जमिनीवर कापडाचे साचे चालवत, आजोबांनी तिथे कापसाच्या गाठी वाहिल्या, आणि हा जमिनीखाली मोटारी लावतो. पेडणेकर घराणं पिढी दर पिढी खाली चाललंय, असं तो स्वतःच म्हणायचा आणि स्वतःच मोठ्यानं हसायचा. कामाचा पोशाख काळी पँट, काळं जॅकेट आणि छातीवर सोनेरी बिल्ला. या वेषात तो जिना उतरू लागला की बायको सीमा म्हणायची, बँडवाले निघाले.

आयुष्यभर त्यानं लोकांच्या गाड्या चालवल्या, त्याही फार तर शे-दोनशे पावलं. जर्मन गाड्यांना तो घमेंडखोर म्हणायचा, इटालियन गाड्यांना नाटकी. जपानी गाडी मात्र त्याच्या मते घरंदाज. तिच्यात बसलं की आपण परक्याच्या घरी आलोय असं वाटत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. आता ही नवी येणार होती: पुढे आठ सिलिंडरचं इंजिन, त्याला दोन टर्बो, आणि मागे मदतीला विजेची मोटर. हायब्रिड. ती कधीतरी या शहरात येईल, आली की याच हॉटेलच्या दारात थांबेल, आणि तिची चावी आपल्या हातात पडेल, एवढी एकच इच्छा त्यानं धरली होती. विकत घ्यायची नाही. फक्त उतारावरून खाली न्यायची आणि दोन खांबांच्या मधे उलटी लावायची.

या इच्छेच्या मागे हितेंद्र वैती उभा होता, म्हणजे अगदी शब्दशः. हितेंद्र शीव कोळीवाड्याचा. एका होडीतून दुसऱ्या होडीशी गप्पा मारणाऱ्या घराण्यातला, त्यामुळे त्याचं कुजबुजणंही रस्त्यापलीकडे ऐकू जायचं. वयानं दत्तारामहून थोडा लहान, अंगानं दीडपट. दोघांची जोडी कामावर प्रसिद्ध होती: दत्ताराम चाकाशी, हितेंद्र गाडीच्या मागे. आपल्याकडे मागे घेणाऱ्या गाडीला माणूस लागतोच. "येऊ दे, येऊ दे, बास," असं ओरडून शेवटी डिकीवर दोन थापा मारल्याशिवाय गाडी लागली असं आपल्याला वाटत नाही. हॉटेलनं थापांवर बंदी घातली होती, कारण त्या डिक्यांची किंमत थाप मारण्यासारखी नसे. मग उरला नुसता आवाज, आणि तो हितेंद्रकडे भरपूर होता.

हितेंद्र निसानचा माणूस. निसाननं मागे एका प्रदर्शनात बॅटरीवरची एक काळी, कोनाकोनांची गाडी ठेवली होती. नुसता नमुनाच, पण हितेंद्रनं तिच्यावर जीव टाकला होता. चारही चाकांना ताकद, हजार किलोवॅट, पुढेमागे नव्या जातीची घन बॅटरी. तुझी टोयोटा म्हणजे नवीन साडी नेसलेली जुनी बाई, पोटात अजून पेट्रोलच, असं तो म्हणायचा. दत्ताराम उलट विचारायचा, तुझी गाडी चालू आहे की बंद हे कळायला तिच्या नाकाशी सूत धरायचं का? बॅटरीचं वजन किती, वळणावर ती म्हशीसारखी बसेल त्याचं काय, आणि कोकणात जाताना महाडला वीज गेलेली असली तर गाडीला काय शहाळं पाजणार? या दोन्ही गाड्या कोकणात कशाला जातील, हे दोघांपैकी कुणीच विचारलं नाही. टोयोटानं ही नवी गाडी दाखवली त्याच मांडवात आपल्याच घरच्या लेक्ससची बॅटरीवरची गाडीही दाखवली, तेव्हा हितेंद्र नाचायचाच बाकी राहिला होता. "ती धाकटी सून आहे," दत्ताराम म्हणाला. "घर थोरलीच चालवते." होंडाच्या बाजूनं बोलणारं कोणी नव्हतं याचं मला नेहमी वाईट वाटायचं.

हा वाद कामावर अखंड चालायचा. गाडी मागे येत असतानासुद्धा. हॉटेलचा नवा सुपरवायझर सिद्धांत, जो कुठल्यातरी कॉलेजातून माणसं सांभाळायचं शिकून आला होता, तो म्हणायचा की या दोघांना एकत्र ठेवलं तर कटकट आहे आणि वेगळं केलं तर काम होत नाही. त्याला कारण माहीत नव्हतं. चाळीत आम्हालाही नव्हतं. नंतर सीमावहिनींनी सांगितलं.

दत्तारामला काचबिंदू होता. या रोगाची रीत अशी की समोरचं बरेच दिवस नीट दिसतं आणि कडा गुपचूप जातात. समोर रस्ता आहे, दिवा आहे, पण डावीउजवीकडचं जग कोणीतरी घडी घालून ठेवून दिलेलं. परळच्या डॉक्टरांनी त्याला स्पष्ट सांगितलं होतं: गेलेली नजर येणार नाही, थेंब घातले तर उरलेली टिकेल, आणि गाडी आजपासून बंद. दत्तारामनं थेंब घेतले आणि तिसरं वाक्य डॉक्टरांच्या टेबलावरच ठेवून आला. घरी सांगितलं, चष्म्याचा नंबर बदललाय. सीमावहिनींना ते खरं वाटलं नाही, पण या माणसाशी वाद घालायचा म्हणजे मधे जपान येतं, म्हणून त्या थेंबांच्या वेळा तेवढ्या सांभाळत राहिल्या.

हितेंद्रच्या मात्र लक्षात आलं. एकदा एक शेठ गाडीतून उतरून डावीकडे सरकले आणि दत्ताराम ते जिथे नव्हते त्या जागेला वाकून "गुड आफ्टरनून सर" म्हणाला. शेठना वाटलं ही हॉटेलची काहीतरी नवी पद्धत असेल. हितेंद्रनं त्याला तळघरात नेऊन विचारलं. दत्तारामनं आधी आवाज चढवला, मग बॉनेटला टेकून सगळं सांगितलं. ती टोयोटा एकदा लावली की मी आपणहून चावी ठेवतो, तोवर कुणाला बोलू नको, असं तो म्हणाला. हितेंद्रनं त्याला मालवणातल्या समस्त पेडणेकरांवरून भरपूर शिव्या दिल्या आणि दुसऱ्या दिवसापासून जास्त बोलायला लागला.

त्याची युक्ती अशी होती. तो गाडीच्या मागे डाव्या कोपऱ्यात, खांबाला लागून उभा राहायचा आणि निसानची बाजू मांडायला सुरुवात करायचा. दत्ताराम काचा खाली करून टोयोटाच्या बाजूनं उत्तर देत गाडी मागे घ्यायचा. हितेंद्रचा आवाज जिथून येतो तिथे गाडीचा कोपरा न्यायचा. वाद चालू आहे तोवर येऊ द्यायचं, "बास" म्हटलं की ब्रेक. गाडीतल्या यंत्रांचा उपयोग नव्हता, कारण त्या तळघरात खांब इतके जवळजवळ की सेन्सर पहिल्यापासून शेवटपर्यंत बोंबलायचे, म्हणून सगळेच ड्रायव्हर ते आधी बंद करत, आणि त्या अंधारात मागच्या कॅमेऱ्याचं चित्र दत्तारामला उमगत नसे. उरलेला अंदाज दत्ताराम इंजिनच्या आवाजावरून घ्यायचा. मागची भिंत जवळ आली की घरघर बदलते, तो म्हणायचा. म्हणून बॅटरीच्या गाड्यांवर त्याचा एवढा राग. त्याला त्या गाड्या आंधळ्या वाटायच्या.

असं ते दोघं कितीतरी महिने निभावत होते, आणि ते चूक होतं. त्या तळघरात इतर माणसं चालत, बाया मुलांना घेऊन लिफ्टकडे जात. हितेंद्र हे जाणून होता. आधी उताराकडे बघायचा, मग लिफ्टकडे, मग वादाला सुरुवात. मैत्रीखातर माणूस काय काय अंगावर घेतो ते लिहायला गेलं की छान दिसतं. तिथे उभं राहायला बरं वाटत नसणार.

मग ती बातमी आली. कुठल्याशा मोटारींच्या व्हिडिओत कुणीतरी सांगितलं की निसानचीही पुढची मोठी गाडी नुसती बॅटरीवर नसेल, तीही हायब्रिडच असण्याची शक्यता आहे, असं कंपनीचाच माणूस म्हणाला. दत्तारामनं तो व्हिडिओ फोन नाकाशी धरून तीनदा पाहिला, अंगात जॅकेट चढवलं आणि वाटेत पेढे घेतले.

पेढे आपण मुलगा झाला की वाटतो, मॅट्रिकला पास झालो की वाटतो. एका जपानी कंपनीनं दुसऱ्या जपानी कंपनीच्या वाटेनं जायचं ठरवलं म्हणून पेढे वाटणारा दत्ताराम हा माझ्या माहितीतला एकटाच. हॉटेलच्या मागच्या दाराशी, जेवणाच्या सुट्टीत, सगळे ड्रायव्हर जमलेले असताना त्यानं पुडा उघडला. सिद्धांतलाही बोलावून दिला. सगळ्यांना मजा वाटत होती आणि हितेंद्रही हसत होता. त्यानं पेढा उचललासुद्धा. म्हणाला, शक्यता आहे म्हणालेत, लग्नाची पत्रिका नाही छापली.

दत्तारामला तिथे थांबता आलं असतं. पण जिंकलेल्या माणसाला शेवटचं वाक्य आवरत नाही.

"तुका काय कळतला?" तो सगळ्यांकडे बघत म्हणाला. "गाडी मी चालवतो. हा नुसता मागे उभा राहून ओरडतो."

सगळे हसले. हितेंद्रनं अर्धा पेढा पुड्यात परत ठेवला.

"ठीक आहे," तो म्हणाला. "नाही ओरडत."

अबोला ही चीज आपल्याकडे जपून वापरतात. सासूसुना वापरतात, भाऊभाऊ वापरतात, आणि त्यातही नियम असतात: जेवण वाढायचं पण बोलायचं नाही, आजारपणात पाणी द्यायचं पण बोलायचं नाही. हितेंद्रनं नियम पाळले. त्यानं जागा बदलून मागितली नाही. तो रोज गाडीच्या मागे त्याच कोपऱ्यात उभा राहिला, आधी उताराकडे बघितलं, मग लिफ्टकडे, आणि मग तोंड घट्ट मिटून हात वर करून पंजा दाखवू लागला. तो पंजा दत्तारामला दिसत नाही हे त्याला माहीत होतं. दत्ताराम एकदा म्हणेल, बोल रे बाबा, एवढंच त्याला हवं होतं. आणि दत्तारामनं काय केलं? त्यानं गाडीच्या काचा वर केल्या. तू बोलत नाहीस तर मीही ऐकत नाही. पन्नाशी उलटलेले दोन पुरुष, एकाला नातवंडं झालेली, आणि रुसवा बालवाडीतला.

पेट्रोलच्या गाड्यांवर निभावलं. इंजिन बोलत होतं. सीमावहिनींना एवढंच दिसलं की हे घरी येऊन जपानविषयी काही बोलत नाहीत. त्यांना वाटलं, सुटलो.

ज्या दुपारी ते घडलं त्या दुपारी हॉटेलात कुणाचं तरी साखरपुड्याचं जेवण होतं आणि गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली होती. दत्तारामच्या हातात चावी पडली ती बॅटरीच्या गाडीची. पांढरी, मोठी, आत बसलं की बाहेरचं जग बंद होणारी. त्यानं ती नाकासमोर बघत उतारावरून नीट खाली आणली, फिरवली, मागे घ्यायला लागला. काचा वर. हितेंद्र त्याच्या कोपऱ्यात, पंजा वर. गाडी माणसाच्या चालीनं येत होती. हितेंद्रला वाटलं, थांबेल. मग वाटलं, आता थांबेलच. एक पाऊल मागे सरकला तर पाठीला खांब लागला. तेव्हा तो ओरडला, त्याच्या घराण्याला शोभेल असा, पण त्या गाडीच्या काचा चांगल्या कंपनीच्या होत्या. शेवटी त्यानं मनाई असलेलं ते केलं. दोन्ही हातांनी डिकीवर थापा मारल्या.

त्या थापा दत्तारामला कळल्या. त्यानं ब्रेक दाबला. हितेंद्रचा डावा गुडघा तोवर खांब आणि बंपर यांच्यामधे होता.

गाडी पुढे घ्यायला हवी होती, पण दत्ताराम चाक धरून तसाच बसला. दुसऱ्या ड्रायव्हरनं दार उघडून त्याला खाली ओढलं आणि गाडी पुढे घेतली. हितेंद्र खांबाला धरून घसरत बसला. दत्ताराम त्याला शोधत होता. समोरच होता, फक्त खाली, आणि दत्ताराम ज्या उंचीवर बघत होता तिथे कोणी नव्हतं.

परळच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. रक्तवाहिनी चिरडली होती. डॉक्टरांनी वाट पाहिली, मग गुडघ्याच्या वरून पाय काढला. हितेंद्रची बायको मेघना, कोळीवाड्यात मासळी विकणारी, आवाजात नवऱ्याला भारी. तिनं सहीसाठी आलेल्या डॉक्टरला फक्त विचारलं, कुठून काढणार ते हातानं दाखवा. त्यांनी दाखवलं. तिनं सही केली.

सिद्धांत चौकशीला आला तो हितेंद्र शुद्धीवर आल्यावर. तरुण पोरगा घामाघूम झालेला, पण कंपनीनं पाठवलं म्हणजे विचारायला हवं. हितेंद्रनं त्याला सरळ सांगितलं की चूक माझी, मी मोबाईल बघत होतो, भलत्या जागी उभा राहिलो, दत्तारामनं वेळेत ब्रेक मारला म्हणून निदान जीव वाचला. सिद्धांतनं हे लिहून घेतलं, वाचून दाखवलं, आणि सुटल्यासारखा निघून गेला. कामगाराची स्वतःची चूक असली की कंपनीचे पुढचे प्रश्न पुष्कळ कमी होतात. मेघना बाजूला उभी राहून सगळं ऐकत होती. नवरा खोटं बोलतोय हे तिला कळलं, कारण त्याचा मोबाईल ती महिनाभर दुरुस्तीला टाकायच्या मागे होती. त्याच्या पडद्यावर काही दिसतच नव्हतं.

हे जबाबाचं दत्तारामला दुसऱ्या ड्रायव्हरकडून कळलं. म्हणजे त्याचं सगळं शाबूत राहिलं होतं. डोळ्यांचं कुणाला माहीत नाही. नोकरी आहे. ती गाडी आज ना उद्या येईल, दारात थांबेल, चावी मिळेल. त्यानं नुसतं गप्प बसायचं होतं, आणि गेले कित्येक दिवस तो गप्पच तर होता.

सीमावहिनी सांगतात, त्या सकाळी त्यांनी जॅकेट काढून दिलं तर म्हणाला, नको, शर्टावरच जातो. आणि म्हणाला, तू चल बरोबर, रस्ता ओलांडायचाय. लग्नानंतर इतक्या वर्षांत हा माणूस रस्ता ओलांडायला चल म्हणाला नव्हता. त्यांनी काही न विचारता चप्पल घातली.

सिद्धांत हॉटेलच्या दाराशीच होता, आजूबाजूला ड्रायव्हर. दत्तारामनं खिशातून बिल्ला काढून त्याच्या हातात दिला.

"सर, हितेंद्र मोबाईल बघत नव्हता," तो म्हणाला. "तो बरोबर जागी उभा होता. मला दिसत नाही."

सिद्धांतला कळेना. त्यानं विचारलं, त्या दिवशी दिसलं नाही का?

"तुम्ही इथे लागलात त्याच्या आधीपासून दिसत नाही."

सीमावहिनी एकेका ड्रायव्हरकडे बघत होत्या. ज्यांनी पेढे खाल्ले होते त्यांनी माना खाली घातल्या. मग पोलीस स्टेशन झालं, नव्यानं जबाब झाला, लायसन्स जमा झालं. केस उभी राहायची तेव्हा राहील. डॉक्टरांनी बंदी घातल्याचा कागद दत्तारामनं स्वतः नेऊन दिला, म्हणजे आपल्याविरुद्धचा पुरावा आपणच. हितेंद्रच्या नावावरची चूक मात्र पुसली गेली.

संध्याकाळच्या भेटीच्या वेळेत तो हॉस्पिटलात गेला. सीमावहिनींनी त्याला वॉर्डाच्या दारापर्यंत सोडलं आणि त्या बाकावर बसल्या. आत काय झालं ते मेघनानं नंतर त्यांना सांगितलं.

हितेंद्रला बातमी आधीच पोचली होती. दत्ताराम खाटेशी आला तसा तो इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्याशी बोलला.

"कशाला सांगितलंस?" तो म्हणाला. "माझा पाय गेला तो गेला. तुझी गाडी तरी राहिली असती."

दत्ताराम म्हणाला, "तू मोबाईल बघत होतास असं लोक बोलणार. मला नाही चालणार."

"आणि माझा पाय फुकट गेला ते चालतं?"

चादर जिथे सपाट होती तिथे दत्तारामनं हात ठेवला, त्याला वाटलं तिथे पाय आहे. हितेंद्रनं हात उचलून बाजूला केला, जोरात नाही, आणि भिंतीकडे तोंड केलं. भेटीची वेळ संपल्याची घंटा होईतो दत्ताराम उभाच राहिला. बाजूच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानं स्टूल पुढे सारलं, तेही त्याला दिसलं नाही.

बाहेर सीमावहिनी औषधांच्या रांगेत उभ्या होत्या, कारण मेघनाची चिठ्ठी त्यांनी हातातून काढून घेतली होती. तेव्हा दत्तारामला फाटकापर्यंत आणायला मेघनाच निघाली. तिनं त्याला कोपराशी धरलं, टोपली धरावी तसं घट्ट. व्हरांडा, पायऱ्या, अँब्युलन्सची वाट, सगळं दोघांनी तसंच पार केलं.

फाटकाशी दत्ताराम थांबला. "वहिनी, रागावलात?"

"हो," मेघना म्हणाली. "पुढे फुटपाथ आहे. पाय उचला."